टाक ताकात टाक

आमच्या घरी चांदी नव्हती, त्यामुळं ती काळी पडायचा प्रश्न नव्हता. देव होते, पण ते कागदाचे. अंबाबाई किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरची, जोतिबा खतवाल्याच्या. वर्ष संपलं की खालच्या तारखा कापून टाकायच्या आणि देव भिंतीला चिकटवायचा. बाबा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे, आई कळंब्याकडच्या मळ्यांत तण भांगलायला जायची. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. पत्रा गळायला लागला की आधी देव हलवायचे, मग अंथरुणं, मग आम्ही. कागदाच्या देवाला आंघोळ घालता येत नाही. फुंकर मारून धूळ उडवली की झाली पूजा.

अशा घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी आल्यागेल्याला सांगते, आणि का सांगू नये? आईकडचं आणि बाबांकडचं गणगोत एकत्र केलं तरी कॉलेजचं गेट आतनं बघितलेलं माणूस मीच. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या रंगरावतात्यांनी पेढा तोंडात टाकला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "केमिष्ट्री म्हंजे त्ये रंग बदलायचं पाणी न्हवं? मग काळं पांढरं करता येतंय का?"

मला वाटलं, केसांचं विचारतायत. ते देवांचं विचारत होते.

रंगरावतात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. निवृत्त म्हणजे कागदावर. डोक्यात गाडी अजून चालूच आहे. एक बेल दिली की गाडी थांबते आणि दोन दिल्या की सुटते, एवढ्या दोन गोष्टींत या माणसानं सगळं आयुष्य बसवलं. फोन ठेवताना 'बरं, ठेवतो' नाही, 'डबल!' म्हणायचं आणि कट. भाजीवाली मेथीच्या दोनऐवजी तीन पेंड्या पिशवीत कोंबायला लागली की हात वर, "सिंगल, सिंगल!" घरी कोण पाहुणा आला की त्याला आत घेताना आधी बसलेल्या एकट्या माणसालासुद्धा सांगणार, "मधी मोकळं हाय, मागं सरका." आमच्या बारशा-लग्नांच्या पंगतीत वाढप्यांना त्यांचीच भीती. कारण तात्या पंगतीच्या एका टोकाला उभे राहून अख्खी पंगत एक माणूसभर सरकवायचे आणि तिथं स्वतः बसायचे.

त्यांच्या बायको इंदूकाकू. तात्या दिवसभर बोलायचे आणि काकू काही ऐकत नाही असं दाखवत सगळं ऐकायच्या. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात उरले तात्या आणि देव्हाऱ्यातले टाक.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. तळहातावर मावेल एवढा. अंबाबाई, घोड्यावरचा जोतिबा, खंडोबा, आणि घराण्यात कुणी लढाईत पडलेला असेल त्याचा वीर. तात्या थोरले, म्हणून घराण्याचे टाक त्यांच्याकडं. काकू होत्या तोवर ते आरशासारखे लखलखायचे. काकू गेल्या. तात्या लांबूनच उदबत्ती ओवाळायचे, हात जोडायचे आणि डबल बेल देऊन चहा प्यायला बाहेर पडायचे. एका पावसाळ्यात देव काळेठिक्कर.

गुढीपाडव्याला कागलहून त्यांचे धाकटे भाऊ आले, पांडूअण्णा. देव्हाऱ्यात वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"दादा, ह्यो जोतिबा का खंडोबा?"

"जोतिबा."

"मला वाटलं तवा हाय."

मी पोळ्यांचं ताट द्यायला गेले होते. तात्या गप्प बसलेत हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. अण्णांनी सरळ निकाल दिला, "घरात बाई न्हाय, देवाचं हाल चाललंय. घटाला येतो मी. तवर देव उजळलं तर ऱ्हाऊ देत हितं. न्हायतर कागलला नेतो. आमची मंडळी करंल सगळं नीट."

अण्णांची मोटरसायकल गल्लीबाहेर गेली तसे तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम," ते म्हणाले. मला ते एरवी 'पोरी' म्हणतात. मॅडम म्हणाले की समजायचं, काम आहे. "देव गेलं तर त्या घरात माझ्यासंगं कोण ऱ्हातंय, सांग."

मी म्हटलं, "तात्या, चांदीच आहे ती. उजळेल."

"उजळंल खरं. इंदू काय लावत हुती, एवढंच कळाय पायजे."

आणि तिथून सुरू झालं संशोधन.

तात्यांना बायको देवाला काय लावत होती याचा पत्ता नव्हता. देव्हारा आतल्या खोलीत, तात्या बाहेरच्या खोलीत बुटाच्या नाड्या बांधत. ते गल्लीतल्या एकेका बाईला गाठायला लागले. प्रत्येकीनं आपापलं सांगितलं. चिंच लावा. लिंबू-मीठ लावा. विभूती लावा. रांगोळी लावा. तात्यांनी सगळ्यांचं ऐकलं, आणि सगळं एकदम ऐकलं.

सुरुवात टूथपेस्टनं झाली. सकाळी तात्या न्हाणीच्या दगडावर बसायचे, एका हातात स्वतःचा ब्रश, दुसऱ्या हातात देवाचा. आधी देव घासायचे, मग दात, मग परत देव. एकदा ब्रशांची अदलाबदल झाली. दिवसभर तोंडात विभूतीची चव असल्याची तक्रार करत होते. मी त्यांना समजावलं की पेस्टमध्ये वाळूसारखी बारीक खर असते, चांदी मऊ असते, असं घासत राहिलात तर देवाचे नाक-डोळे झिजतील. तात्यांनी खंडोबा उजेडात धरला. "घोड्याचं कान बारीक झाल्यात व्हय गं?" झाले होते. पेस्ट बंद.

मग समोशाबरोबर मिळणाऱ्या टोमॅटो सॉसच्या पुड्या. आंबट हाय, चालंल. त्या दिवशी देव्हाऱ्यात मुंग्यांची अशी रांग लागली की तात्या तिला "मागं सरका" म्हणत होते. मग कुणीतरी सांगितलं, कांद्याच्या रसात ठेवा. तात्यांनी ठेवले. आईला वास आला आणि ती ओट्यावरनं पदर खोचतच गेली.

"अवो तात्या, देवाला कांदा? चातुर्मासात?"

"वैनी, खायाला न्हाय घातला. आंगाला लावलाय."

"आंगाला लावलाय म्हंजे? उद्या लसणीची फोडणी द्याल!"

कांद्यानं देव आणखी काळे झाले. तिथं मात्र मी पदवीधर असल्याचा उपयोग झाला. मी सांगितलं, कांद्यात गंधक असतं, गंधकानंच चांदी काळी पडते, तुम्ही आगीत तेल ओतलंत. तात्या गंभीरपणे म्हणाले, "तेल न्हाय अजून लावलं. लावू?"

आणि मग आलं ताक. कुणाच्या तरी पाहुणीनं सांगितलं होतं की आंबट ताकात चांदी उजळते. मी कामावरून येत होते. मी दूध डेअरीच्या लॅबमध्ये आहे, हेही सांगून ठेवते. तर तात्यांच्या दारातून आवाज आला, "पोरी, जरा आत ये. माझं हात बरबटल्यात. त्यो टाक ताकात टाक."

"काय?"

"टाक ताकात टाक!"

"ताक कशात टाकू?"

"ताक न्हाय, टाक! टाक टाक!"

"अहो, टाकते, पण काय टाकू?"

"सिंगल!" तात्या ओरडले. मी थांबले. त्यांनी श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून, लांबच्या स्टॉपचं नाव पुकारावं तसं म्हणाले, "देवाचा, टाक. पातेल्यातल्या, ताकात. तुझ्या, हातानं. टाक."

मी टाकला. काही झालं नाही. टाकाला वास मात्र ताकाचा यायला लागला.

शेवटी मी म्हटलं, तात्या, आता माझं ऐका. अल्युमिनियमच्या भांड्यात उकळतं पाणी, खायचा सोडा, मीठ. त्यात चांदी बुडवायची. चांदीवरचं काळं निघतं आणि गंधक अल्युमिनियमकडं जातं. ना घासणं, ना झिजणं.

"अल्युमिनियम म्हंजे?"

"जर्मन हो, तात्या. जर्मनचं पातेलं."

"मग तसं सांग की! येवढं शिकून सरळ जर्मन म्हणाय येत न्हाय."

पातेलं काढलं. कडेनं चेपलेलं, तळ काळा. पाण्याला उकळी आली, सोडा पडला, फसफसलं. मी मीठ टाकलं, तात्यांनी एकेक देव सोडला. कुजक्या अंड्यासारखा बारीक वास सुटला. तात्यांनी नाक चिमटीत धरलं आणि माझ्याकडं असं बघितलं की आता देव विरघळले तर पांडूला काय सांगायचं. थोड्या वेळानं चमच्यानं जोतिबा वर काढला. पांढराशुभ्र. घोड्याच्या पायाखालची नक्षीसुद्धा दिसत होती.

तात्यांनी मला सलाम ठोकला. खरोखरीचा, टाच जुळवून. त्या दिवशी मला पदवीदानात वाटलं नव्हतं तेवढं भारी वाटलं.

पण त्याचे परिणाम गल्लीला भोगावे लागले. तात्या ते जर्मनचं पातेलं घेऊन फिरायला लागले. कुणाच्या घरी चहाला गेले की कपाकडं नाही, शोकेसकडं बघणार. "ती वाटी काळी दिसतीया." बाळाचा करदोडा बाळाच्या कमरेला असतानाच बुडवायला निघाले होते, त्या बाळाच्या आज्जीनं लाटणं दाखवलं म्हणून थांबले. मी माझ्या पहिल्या पगारातून चांदीचे झुमके घेतले होते, मुद्दाम काळे केलेले, ऑक्सिडाइज्ड म्हणतात ते. त्या काळेपणाचेच जादा पैसे घेतात. एका रविवारी मी केस धुऊन बाहेर आले तर तात्या दारात उभे, हातात माझे झुमके, लखलखीत.

"खिडकीत पडलं हुतं. लई काळं झालं हुतं गं. केलं पांढरं."

मीच शिकवलं होतं.

इकडं गल्लीतली चांदी उजळत होती, पण तात्यांचे देव परत काळवंडायला लागले. पंधरवडा जायचा आणि पिवळट झाक यायची, मग तपकिरी, मग काळी. तात्या त्यांना जिवापाड जपत होते. उजळले की हवा लागू नये म्हणून कागदात गुंडाळायचे, पेढ्याच्या डब्यात घालायचे, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. काढून बघायचे तेव्हा काळे. परत पातेलं, परत सोडा. मी म्हटलं, हवा कुठं पोचत नाही? तात्या म्हणाले, "इंदूच्या वक्ताला काय हवा न्हवती गल्लीत?"

घट तोंडावर आले. देव बसायच्या आत उजळले नाहीत तर अण्णा नेणार होते, आणि तात्या रोज एकच विचारत होते, इंदू काय लावत हुती.

आता त्या सकाळचं सांगते.

तात्यांनी शेवटचा उपाय म्हणून देव पेढ्याच्या डब्यातच चिंचेच्या कोळात बुडवले आणि डबा पायरीवर उन्हात ठेवला. नुसती चिंच नको, नंतर सोड्याच्या पाण्यातही काढू, असा बेत. घरातलं मीठ संपलं होतं म्हणून ते दुकानात गेले. तिथं त्यांच्या लक्षात आलं की गॅसवर जर्मनचं पातेलं उकळत ठेवलंय. त्यांनी आईला फोन लावला. दुकानासमोर कुठल्याशा मंडळाचा स्पीकर दणदणत होता.

"वैनी! पायरीवर डबा हाय! त्यातलं टाक टाका!"

"काय टाकू?"

"टाक! टाक टाका! डबल!" आणि कट.

आईनं पायरीवर जाऊन बघितलं. डब्यात चिंचेचा काळपट चोथा, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. एवढ्यासाठी फोन केला होय, म्हणून तिनं नाक मुरडलं. तेवढ्यात कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं वाजलं. आईनं टाकलं.

तात्या मीठ घेऊन आले. मी तेव्हा स्कूटी पुसत होते, त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"वैनी, टाकलं का?"

"टाकलं की."

"उकळत हुतं न्हवं?"

"कोण उकळत हुतं?"

"पाणी ओ. टाक कशात टाकलं?"

"गाडीत."

"कुठल्या गाडीत?"

"घंटागाडीत. तुमीच म्हटला की, टाका टाका म्हणून. डब्यासकट टाकलं."

तात्यांच्या हातातली मिठाची पिशवी खाली पडली. ते नुसते पायरीवरच्या त्या ओल्या चौकोनाकडं बघत उभे राहिले. आईनं कपाळाला हात लावला आणि खाली बसली. मी म्हटलं, "तात्या, बसा मागं!"

घंटागाडी पुढच्या वळणावरून कळंब्याच्या रस्त्याला लागली होती. मी स्कूटी पिळली. मागं तात्या एका हातानं माझा खांदा धरून, दुसरा हात हवेत हलवत, आयुष्यभराचा आवाज लावून ओरडत होते, "सिंगल! सिंगल बेल! अरं ए, सिंगल मारली की रं!" रस्त्यावरच्या दोन रिक्षा थांबल्या. एक एसटी थांबली. घंटागाडी तेवढी थांबेना, कारण तिचं गाणं मोठ्यानं चालू होतं.

शेवटी मी पुढं जाऊन आडवी घातली. गाडीवरचा रफिकभाई आमच्या ओळखीचा, रोजचा. त्यानं गाणं बंद केलं.

"काय झालं तात्या? कुठं निघाला?"

"देव," तात्या म्हणाले. "देव हायत माझं तुझ्या गाडीत."

रफिकभाईनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मग उतरला, रस्त्याच्या कडेला ताडपत्री पसरली आणि ओला कचरा खाली घेतला. "तात्या, तुमी बाजूला व्हा, काच असतीया." तात्या ऐकतायत कुठं! मांडी घालून बसले कचऱ्यात. केळीच्या साली, चहाचा चोथा, कुणाच्या घरच्या शिळ्या भाकरी. बघायला माणसं जमली तर त्यांना मान वर न करता, "मागं सरका, मधी मोकळं ठेवा." रफिकभाईलाच डबा सापडला. चेपलेला, झाकण निघालेलं. अंबाबाई आणि जोतिबा आत होते. खंडोबा फ्लॉवरच्या पानांत. वीर शेवटी, एका फुटक्या कपात.

"देवानं कोल्हापूर दर्शन केलं म्हणायचं," रफिकभाई हसत म्हणाला. "तात्या, पुन्यांदा टाका म्हणू नगा. ठेवा म्हणा."

तात्यांनी चारी टाक शर्टाच्या खिशात घातले, खिशावर हात दाबून ठेवला आणि घरापर्यंत तो काढला नाही. स्पीडब्रेकरला फक्त म्हणायचे, "हळू."

त्यानंतर तात्यांनी डबा, कुलूप, चिंच, सोडा सगळं सोडलं. त्यांनी धास्तीच घेतली. देव उघड्यावर देव्हाऱ्यात ठेवले, आणि सारखे जाऊन बघायचे. सकाळी आंघोळ झाली की टाक ताम्हनात घेऊन पाणी घालायचे, कारण कचऱ्यातनं आले होते म्हणून मन खात होतं. मग एकेक हातात घेऊन धोतराच्या जुन्या मऊ तुकड्यानं पुसायचे. दुपारी परत. गल्लीत घंटागाडीचं गाणं वाजलं की हातातलं सोडून आत पळायचे आणि देव हायत न्हवं म्हणून हातात घेऊन खात्री करायचे. आई खिडकीतून बघायची आणि अपराध्यासारखी त्यांना वाटीभर आमटी पाठवायची.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी सुट्टी काढली. सोडा आणला, मीठ आणलं, नवं जर्मनचं भांडं आणलं. उद्या अण्णा येणार. आज शेवटचा हात मारू. तात्यांच्या घरी गेले, देव्हाऱ्यात वाकले आणि तिथंच थांबले.

"तात्या, काय लावलंत?"

"कशाला?"

"देवांना. केवढे उजळलेत!"

तात्या बाहेरच्या खोलीतून आले. त्यांनी अंबाबाई उचलली, खिडकीपाशी नेली. त्यांना रोज बघून कळलंच नव्हतं. "कायबी न्हाय लावलं. आईशप्पत. नुसतं पाणी आन् फडकं."

मी मांडी घालून खालीच बसले. हे पुस्तकात होतं. काळेपणा एका दिवसात येत नाही, थर थर साठतो. रोज कुणी धुतलं, पुसलं, हाताळलं, तर थर बसायला सवडच मिळत नाही. आधीचा थर चिंचेनं सुटला होता, तो फडक्यानं निघून गेला. वापरातली चांदी उजळ राहते, कपाटातली काळी पडते. मी तात्यांना तसंच सांगितलं. "काकू काही लावत नव्हत्या, तात्या. त्या रोज पुसत होत्या, एवढंच."

तात्या म्हणाले, "रोज?"

दारातून आईचा आवाज आला. ती आमटीची वाटी घेऊन आली होती. "रोज की ओ. एक दीस चुकला न्हाय. आमची भिंत लागूनच हाय, मी ऐकत हुतो रोज."

"काय ऐकत हुता?"

आई जरा अडखळली. "पुसता पुसता देवाला सांगायच्या. कोल्हापूर-गारगोटी नीट जाऊ दे. कधी कोल्हापूर-राधानगरी नीट जाऊ दे, म्हणायच्या. तुमचं नाव कसं घेतील? तुमी ज्या गाडीवर असशीला त्या गाडीचं नाव घ्यायच्या."

"तिला कसं ठाऊक, मी कुठल्या गाडीवर हाय त्ये?"

"डबा भरताना इचारायच्या न्हाय व्हय, आज कुठली गाडी?"

"मला वाटायचं," तात्या म्हणाले, "चपात्या किती घालायच्या म्हणून इचारतीया."

आईनं वाटी खाली ठेवली. तात्यांनी अंबाबाई पुसायला घेतली, ती पुसलेलीच होती. "आन् मी भायेरनं वरडायचो," ते म्हणाले. "किती येळ त्या देवापाशी, चा टाक म्हणायचो. गाडी चुकंल म्हणायचो." मग बराच वेळ तेच एक टोक पुसत राहिले. मी आणलेली सोड्याची पुडी तशीच परत आणली.

दुसऱ्या दिवशी पांडूअण्णा आले. नव्या मखमलीची पिशवी शिवून आणली होती, नाडीची, देव न्यायला. तात्या विड्याची पानं पुसत बसले होते. अण्णांनी एकेक टाक उचलला, उलटा केला, दाराच्या उजेडात नेला.

"काय लावलंस, दादा?"

"कायबी न्हाय."

"सांगायचं नसंल तर नगं सांगूस," अण्णा म्हणाले. पण आवाज मऊ होता. त्यांनी मखमलीच्या पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग दोघा भावांनी मिळून पानांवर देव मांडले, आणि अण्णांना बसायला जागा हवी म्हणून तात्यांनी मला मागं सरकवलं.

देव रंगरावतात्यांच्याच घरी बसले. नवरात्र उठल्यापासून तात्या त्यांना रोज स्वतः आंघोळ घालतात. ते आता काळे पडत नाहीत.